तक्रारीचा प्रकार : इतर

अजमानमध्ये जुलैच्या दुपारी दोनला
रस्त्यावर फक्त मांजरी असतात, एसीच्या थेंबाखाली बसलेल्या,
आणि रुकय्या पांगारकर.
टायपिंग सेंटरचं दार खांद्यानं ढकलून ती आत आली.
हातात पिशवी, पिशवीत बिल,
बिलाला माशाचा वास.

"सतरा किलो सुरमई, गो.
लग्नाची ऑर्डर. फ्रीझर रात्रीत बसला.
नवीन गॅस भरून आठ दिवस नाय झाले."

मी फॉर्म उघडला.
उजवीकडून अरबी, डावीकडून इंग्रजी,
मधल्या फटीत आम्ही दोघी, मराठीत, तोंडी.

तक्रारीचा प्रकार निवडा :
वाहन. मोबाईल. फर्निचर. सोनं.
गॅस नाहीच यादीत.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.

तांडेल मेकॅनिकनं टाकीला यंत्र लावून पाहिलं होतं.
म्हणाला, चाची, लेबल खोटं बोलतंय.
बाहेर लिहिलंय नवा, आत अर्धा जुना,
ज्याला साऱ्या देशांनी एका टेबलाशी बसून
बंद म्हटलं, तो.

"ते टेबल कुठं असतं?" रुकय्यानं विचारलं.
लांब, मी म्हटलं. थंड गावात.
"मग त्यांना काय कळणार, फ्रीझर बसला की काय होतं!"

नुकसानीची रक्कम :
गॅस तीनशे चाळीस दिरहम,
सुरमई निराळी,
नवरीच्या मामानं ऐकवलं ते निराळं.
मी आकडे भरत होते.
ती पंख्याकडे बघत एकदम म्हणाली,
"आणि जो गळून वर गेला, तो?
पैशे माझे. गॅस माझा.
आता तो वर जाऊन काय करील
ते माझ्या नावावर लागणार का?"

एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
विसाच्या फोटोपासून तलाकच्या कागदापर्यंत
सगळं टाइप केलंय मी इथं.
हरवलेल्या उंटाची जाहिरातसुद्धा.
पण गेलेल्या वस्तूचा मालक कोण,
याला रकाना नाही.

मग तिनं पिशवीतून खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढला.
त्यावर चिकटवलेलं हमीपत्र :
'सदर माल पर्यावरणविषयक सर्व आंतरराष्ट्रीय करारांच्या अधीन राहून...'

पुढचं मला पाठ होतं.
स्वल्पविरामानंतर दोनदा पडलेली मोकळी जागा,
माझ्या कीबोर्डची खोड.

मार्चमध्ये आला होता तो व्यापारी. मनमिळाऊ.
खजुराचा डबा घेऊन.
आयात परवान्याचा अर्ज, सोबत हे हमीपत्र,
दीडशे दिरहम, घाई नाही म्हणाला.
मी विचारलं नव्हतं, कुठले करार?
आमच्याकडे विचारायचे पैसे नसतात,
टाइप करायचे असतात.
खजूर चांगले होते.

एसी घरघरत होता.
त्यात कुठला वायू आहे, मला ठाऊक नाही.
मालकानं भरून घेतलाय. स्वस्तात.

'अन्य माहिती'त पाचशे अक्षरं मावतात.
मी लिहिलं : माल खोटा.
लिहिलं : हा माल या बाईनं मान्य केला नव्हता,
करार देशानं केला होता,
तरी मोडल्याची किंमत तिनं भरली.
लिहिलं : गळालेला भाग परत घेता येत नाही,
म्हणून तो कुणी विकला हे शोधावं.
अकरा अक्षरं उरली.
तिथं मी परवान्याचा क्रमांक टाकला,
मार्चच्या फाइलमधून.

रुकय्यानं तीस दिरहम मोजून ठेवले,
वर फॉइलमध्ये दोन तळलेले बांगडे.
"हे चांगल्या फ्रीझरातले. शेजारणीच्या."
मी पैसे परत सरकवले. तिनं पुन्हा पुढे सरकवले.
"फुकट नको. पावती दे.
पावती असली की भांडता येतं."

मी पावती फाडली.
आमच्या पावतीवर टाइप करणाऱ्याचं नाव नसतं.
पेन शोधलं. चालेना.
झटकलं, बोटावर घासलं,
आणि खाली लिहिलं, देवनागरीत,
पूर्ण, आडनावासकट.